कॉफीची सावली आणि कोपीतलं ऊन

गेल्या काही महिन्यांत बीड जिल्ह्यातले आंबेडकरी तरुण आम्हाला एकसारखाच प्रश्न विचारू लागले आहेत. "दादा, ती झाडाखाली करतात ती कॉफी आपल्याकडं होईल का?" कुणी मोबाइलवर चिकमगळूरच्या मळ्याचा व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणी अराकूच्या खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांचा. विचारणारा पोरगा बहुधा पदवीधर असतो. नोकरी नसते. बापाच्या ताब्यात तीस-चाळीस वर्षांपासून दोन-तीन एकर गायरान असतं. आणि पहिल्या प्रश्नाला जोडून लगेच दुसरा येतो, "सेंद्रिय करावी का रासायनिक?"

या तरुणांची आम्ही चेष्टा करणार नाही. आमचा पोरगा हातात कोयता घेण्याऐवजी पिकाचा हिशेब विचारतो आहे, ही आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. म्हणून सरळ उत्तर देतो आणि त्यानंतर, त्याने विचारायला हवा होता पण विचारला नाही, त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

सरळ उत्तर असं की बीडच्या माळावर कॉफी होणार नाही. अरेबिका कॉफीला साधारण हजार ते दीड हजार मीटर उंची लागते आणि सोळाशे ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस लागतो. रोबस्टा कमी उंचीवर येते, पण पाऊस आणि दमट हवा तिलाही हवीच. आपल्या जिल्ह्याचा पाऊस सरासरीने सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही येईल त्या वर्षी. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, त्याखालोखाल केरळ आणि तमिळनाडूत. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की चिखलदरा. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या डोंगरावर, सुमारे अकराशे मीटर उंचीवर इंग्रजांच्या काळात ती लावली गेली आणि अजून थोडीफार आहे. तेव्हा बालाघाटावर कॉफीची रोपं विकायला कुणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पण कॉफी होत नाही म्हणून कॉफीकडून शिकायचंच नाही, असं नाही.

भारतातली बहुतेक सगळी कॉफी सावलीत वाढते. वर उंच झाडं, फणस, उंबर-पिंपळाच्या जातीची, सिल्व्हर ओक. त्याखाली पांगारा. त्याच्याखाली कॉफीचं झुडूप. आणि उंच झाडांच्या खोडांवर मिऱ्याचे वेल. पांगारा शेंगवर्गातला असल्याने हवेतला नत्र जमिनीत आणतो. पानगळ जमिनीवर पडून कुजते, ओल धरून ठेवते. सावली नीट असेल तर कॉफीचं खोड पोखरणारी पांढरी खोडकीड कमी राहते, कारण त्या किडीला उघडं ऊन आवडतं. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये झाडं काढून उघड्या उन्हातली कॉफीही लावली गेली. तिचं उत्पन्न जास्त येतं, पण खत जास्त लागतं, पाणी जास्त लागतं आणि झुडूप लवकर थकतं. म्हणजे सावली फुकट मिळते असं नाही. सावलीने जे दिलं असतं ते सावली तोडल्यावर दुकानातून विकत आणावं लागतं.

सेंद्रिय की रासायनिक, हा वाद या सावलीच्या संदर्भातच समजून घेतला पाहिजे. सेंद्रिय म्हणजे औषधच नाही, असा अनेकांचा समज आहे. कॉफीच्या पानावरचा तांबेरा हा असा रोग आहे की १८६९ पासून त्याने सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, कॉफी उद्ध्वस्त केली आणि त्या बेटावर चहा आला. त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. द्राक्षवाल्यांना आणि संत्रावाल्यांना ते चांगलं माहीत आहे. हेच मिश्रण मर्यादेत वापरायला सेंद्रिय शेतीतही परवानगी असते. तेव्हा दोन पद्धतींमधली भिंत जाहिरातीत दिसते तेवढी उंच नाही.

आता आमचा तिसरा प्रश्न. कॉफीचं झुडूप लावल्यापासून पहिलं फळ यायला तीन-चार वर्षं लागतात. वरची सावलीची झाडं त्याहून जास्त घेतात. ही तीन-चार वर्षं ती जमीन तुमची आहे, हे तुम्हाला कोण सांगणार?

केज तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. एका आजीच्या कुटुंबाच्या ताब्यात गायरान आहे, तिच्या सासऱ्याच्या काळापासून. दरवर्षी बाजरी, तूर, कधी कपाशी. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने उत्साहाने विचारलं, "आजी, बांधाला तरी झाडं का नाही लावली?" ती म्हणाली, "लेकरा, बाजरी पेरली तं चार महिन्यांत घरात येती. झाड लावलं तं त्याचं फळ खायला मी हितं राहीन का नाही, ह्ये कोन सांगतं?"

शेतीची पुस्तकं वाचून आम्हाला जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात होतं. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो झाड लावत नाही. तो चार महिन्यांचं पीक घेतो, कारण त्याचा भरवसाच चार महिन्यांचा असतो. आणि मग कृषितज्ज्ञ येऊन म्हणतात की या लोकांना झाडांचं महत्त्व कळत नाही, या लोकांनी माळरान उघडं केलं. अहो, महत्त्व कळतं. खात्री नाही.

गायरानाचा इतिहास नव्या पिढीला थोडक्यात सांगणं भाग आहे, कारण तो शाळेत शिकवला जात नाही. बाबासाहेबांच्या प्रेरणेने १९५३ साली याच मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा लढा उभा केला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. त्या रेट्यामुळे पुढे सरकारला निर्णय घ्यावे लागले. १९७८ मध्ये एक शासन निर्णय झाला. मग २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय झाला. त्यात १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण होतं. ती तारीख सहज पडलेली नाही. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष त्या दिवशी सुरू झालं होतं.

बीड जिल्ह्यात या कागदाला जीव दिला तो ॲड. एकनाथ आवाड यांनी आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानाने. धारूर तालुक्यातल्या तेलगावातून जिजांनी जे काम उभं केलं त्याने मांग, महार, पारधी अशा अनेक समाजांतली कुटुंबं गायरानावर उभी राहिली. ज्यांच्या हातात हलगी आणि झाडू होता त्यांच्या हातात नांगर आला. त्याची किंमतही मोजावी लागली. उभ्या पिकात जनावरं सोडणं, रस्ता अडवणं, दुकानातला माल बंद करणं, मारहाण. हे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातच घडलेलं आहे.

आणि तरीही १९९१ च्या निर्णयाला तीन दशकं उलटून गेल्यावर यातली असंख्य कुटुंबं आजही कागदावर 'अतिक्रमणधारक' आहेत. नियमित करायचं धोरण सरकारचं, नियमित न करणारं कार्यालयही सरकारचं, आणि गुन्हेगार मात्र आम्ही!

या एका शब्दाचा परिणाम बघा. फळबाग योजनेला सातबारा लागतो. रोजगार हमीतून स्वतःच्या शेतात फळझाडं लावायची तर सातबारा लागतो. विहिरीसाठी ज्या योजनेला खुद्द बाबासाहेबांचं नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेलाही सातबारा आणि आठ-अ लागतो. पीककर्जाचं तेच. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या गटात नाव घालायचं तरी जमिनीचा कागद आधी. म्हणजे बाबासाहेबांच्या नावाची विहीर बाबासाहेबांच्या भूमिहीन माणसाला मिळत नाही, कारण तो भूमिहीन आहे. सरकारी कागदावर हे वाक्य बरोबर असतं. माणसाच्या आयुष्यात ते थट्टा असतं.

इथे कुणी म्हणेल, भूमिहीनांना जमीन विकत घेऊन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे ना? आहे. २००४ पासून आहे. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची अशी तरतूद आहे आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. पण जमीन विकायला तयार कोण? सरकारी दरात, रस्त्यालगतची, पाण्याची जमीन दलिताला विकणारा गावात किती वेळा सापडतो? जी सापडते ती खडकाळ असते. अशी जमीन विकत घेण्यासाठी खर्च करणाऱ्या सरकारने, आमच्या लोकांनी दोन पिढ्या घाम गाळून लागवडीला आणलेलं गायरान नावावर करायला कचरावं, हे गणित आम्हाला समजत नाही. किंवा फार चांगलं समजतं.

आता अराकूकडे वळू. आंध्रातल्या पूर्व घाटात आदिवासी कुटुंबं सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि मिरी घेतात. अराकूच्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज तिचं नाव जगातल्या मोठ्या शहरांत घेतलं जातं. व्हिडिओत कॉफीचा कप दिसतो, पण त्यामागे काय आहे ते दिसत नाही. तिथे सरकारी आदिवासी विकास यंत्रणेने रोपं आणि मजुरीची मदत दिली, कॉफी बोर्डाने शिकवलं, गिरिजन सहकारी महामंडळ माल विकत घ्यायला उभं राहिलं. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने डोंगरावरच्या कसणाऱ्याला त्याच्या ताब्यातल्या जमिनीवर हक्क सांगण्याचा मार्ग दिला. त्या कायद्यात चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य होतो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरला जातो. वनहक्काची अंमलबजावणी सगळीकडे नीट झाली असं आमचं म्हणणं नाही. पण कायदा आहे, दावा करता येतो, नाकारला तर अपील करता येतं.

गायरान कसणाऱ्यासाठी असा कायदा कुठे आहे? आमच्या हातात फक्त शासन निर्णय आहेत. एक शासन निर्णय दिला की दुसऱ्या शासन निर्णयाने तो निष्प्रभ करता येतो. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. त्या निकालात, सरकारच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेले असतील तर ते अपवाद धरता येतील, असंही म्हटलं आहे. पण २०११ नंतर कार्यालयांना निकालाचा पहिला भाग पाठ झाला आणि दुसरा भाग विसरायला झाला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्यभर घराघरांवर नोटिसा चिकटल्या. ज्या पुढाऱ्याची शिक्षणसंस्था गायरानावर उभी आहे तो निवांत झोपला आणि ज्याची तूर फुलोऱ्यात होती तो रात्रभर जागा राहिला.

म्हणून आम्ही म्हणतो, कॉफीचं रोप बीडला आणता येणार नाही, पण अराकूचा कायदा आणता येईल. वनजमीन कसणाऱ्याला जो हक्क संसदेने दिला त्याच धर्तीचा हक्क गायरान कसणाऱ्याला देणारा कायदा राज्याच्या विधिमंडळाने करावा. आंबेडकरी तरुणाने निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न विचारावा.

आता पिकाचं बोलू. बालाघाटाचं स्वतःचं झाड आहे. ते म्हणजे सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि धारूरच्या डोंगराचं नाव घेऊन 'धारूर-६' नावाचा वाण निघाला आहे. कमी पाऊस, हलकी जमीन, उतार, यात हे झाड तग धरतं. आणि गायरान कसणाऱ्यासाठी त्यात एक मोठा गुण आहे. त्याचा पाला जनावरं खात नाहीत, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. ज्याच्या उभ्या पिकात मुद्दाम गुरं सोडली जातात त्याच्यासाठी यासारखं झाड नाही. कुंपणाचा खर्च नाही, राखणीचा जाच कमी. पहिली काही वर्षं मधल्या जागेत तूर, मूग, मटकी, हुलगा घेता येतो. बांधाला गिरिपुष्प लावला तर पाला खताला होतो. दशपर्णी अर्कात जी दहा झाडांची पानं घालतात त्यात सीताफळाचा पाला असतोच. पिठ्या ढेकूण येतो, त्याकडे लक्ष द्यावं लागतं, पण कपाशीसारखं दर आठवड्याला दुकान गाठावं लागत नाही.

मग सेंद्रियच का? आम्ही 'सेंद्रिय' या शब्दापुढेही डोळे मिटून हात जोडणार नाही. या शब्दाभोवती आज एक सोवळं तयार झालं आहे. गोमूत्र, गोमाता, प्राचीन ऋषींची शेती, पूर्वीचं आदर्श गाव. ज्या पूर्वीच्या गावाची आरती ओवाळली जाते त्या गावात आमचा आजा काय होता? त्या गावाचं खरं रूप बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उघड केलं होतं. शेणखत आम्हाला चालतं, शेणखताच्या गाडीतून आलेला मनुवाद चालत नाही. आणि गाय कुणाच्या दावणीला आहे, हाही प्रश्न आहेच. ज्याच्याकडे दोन शेळ्या आणि चार कोंबड्या आहेत त्याला देशी गाय घ्यायला सांगणारी शेती शून्य खर्चाची कशी? शेळीच्या लेंडीचं खत उत्तम असतं. पण शेळीच्या नावाने भाषण होत नाही, एवढाच तिचा दोष.

दुसऱ्या बाजूला रासायनिक शेतीचं विष सगळ्यात आधी कुणाच्या अंगात जातं? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. पाठीवर पंप घेणाऱ्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारे मजूर होते. रोजाने फवारणारा मजूर औषधाची बाटली निवडत नाही, मालक देईल ते मारतो. त्यामुळे विषमुक्त शेती ही शहरातल्या गिऱ्हाइकाच्या आरोग्यापेक्षा आधी आमच्या मजुराच्या फुप्फुसाची गोष्ट आहे.

पण सेंद्रिय शेतीत काम जास्त असतं, हेही लपवायचं कारण नाही. तण हाताने काढायचं, खत कुजवायचं, अर्क उकळायचा, पाला कापून पसरायचा. हे काम कोण करणार? घरातली बाई. 'घरचीच मजुरी' असं म्हणून तो खर्च हिशेबाच्या वहीत धरलाच जात नाही, आणि मग पीक नफ्यात दिसतं. आमचं म्हणणं असं की बाईचा रोज लिहून मगच सेंद्रियचा नफा काढा. आणि ती जमीन तिच्याही नावावर हवी. मोठ्या बागायतदाराच्या सेंद्रिय मळ्यावर आमच्या बायका कमी रोजाने खुरपत असतील आणि तो माल जास्त भावाने विकत असेल, तर तो जास्तीचा भाव आमच्याच कमरेतून निघालेला असतो. पिशवीवर हिरवं पान छापलं म्हणून त्याचा रंग बदलत नाही.

कॉफीच्या इतिहासात हेच लिहिलेलं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियनमधल्या एका फ्रेंच वसाहतीत जगातली जवळपास निम्मी कॉफी पिकत होती आणि ती गुलाम पिकवत होते. १७९१ मध्ये त्याच गुलामांनी बंड केलं आणि १८०४ मध्ये हैती नावाचं स्वतंत्र राष्ट्र उभं केलं. ब्राझीलच्या कॉफीमळ्यांवर १८८८ पर्यंत गुलामी कायदेशीर होती. त्या काळी रासायनिक खतं नव्हती, म्हणजे ती सगळी कॉफी आजच्या भाषेत सेंद्रियच होती! सेंद्रिय कॉफी आणि साखळदंड एकाच मळ्यात सुखाने नांदत होते. पद्धत शुद्ध असली म्हणून नातं न्याय्य होत नाही, याला याहून मोठा पुरावा आम्हाला नको.

आता शीर्षकातल्या कोपीबद्दल. आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला कारखान्यांकडे जातात. तिथे पाचटाची, बांबूची, ताडपत्रीची जी झोपडी उभी राहते तिला कोपी म्हणतात. वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असो, आजारी असो, खाडा झाला की दंड. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कॉफीच्या मळ्यावरच्या मजुरासाठी १९५१ मध्ये मळे कामगार कायदा झाला. त्यात राहायला घर, दवाखाना, पाळणाघर, पिण्याचं पाणी यांची तरतूद होती. ती किती पाळली गेली ते सोडा, पण कागदावर तरी होती. ऊस त्या कायद्यातलं पीक नव्हतं. कॉफीच्या झुडपाला सावली पाहिजे हे मळेवाल्याला कळलं. ऊस तोडणाऱ्या बाईच्या लेकराला सावली पाहिजे, हे साखरेच्या राज्याला अजून कळलेलं नाही. ते लेकरू उसाच्या फडाच्या कडेला उन्हात झोपतं.

सीताफळाचा हंगाम सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. मुकादम दारात उभा राहतो तेही हेच दिवस. हा योगायोग आमच्या कामाचा आहे. ज्या घरात दिवाळीच्या आधी झाडाचे पैसे आले त्या घराला कमी उचल घ्यावी लागेल, कदाचित घ्यावीच लागणार नाही. दोन एकर सीताफळाने कुणी श्रीमंत होणार नाही. पण "या वर्षी नाही येत" हे चार शब्द मुकादमाला सांगण्याइतकी ताकद त्यात येऊ शकते. आमच्या मते स्वाभिमानाची सुरुवात तिथून होते.

अडचण अशी की पिकायला लागलेलं सीताफळ तीन-चार दिवसांत मऊ पडतं. मग डोंगरातून पाट्या भरून आणणारी बाई रस्त्याकडेला व्यापारी देईल त्या भावाला देऊन मोकळी होते. मानांकन जिल्ह्याच्या नावाने मिळालं, फायदा ट्रक असलेल्याला मिळाला. याला एकट्याने उत्तर नाही. गर काढून गोठवायची सोय, तीही गटाच्या मालकीची, एवढाच मार्ग आहे. त्यासाठी अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा मागितला पाहिजे.

इथे चळवळीतलेच काही मित्र आम्हाला अडवतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं आणि तुम्ही पोरांना परत माळावर पाठवता? आक्षेप गंभीर आहे. बाबासाहेबांनी १९१८ च्या आपल्या निबंधातच दाखवलं होतं की हिंदुस्थानात शेतीवर माणसांचा बोजा जास्त आहे, भांडवल कमी आहे आणि उपाय औद्योगिकीकरणात आहे. दोन एकराच्या तुकड्यावर त्यांनी कधी काव्य केलं नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती जातीभेदाशिवाय सामुदायिक पद्धतीने कसावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही प्रकार राहणार नाहीत, अशी मांडणी केली. त्यांनी माणसाला खेड्याच्या गुलामीतून बाहेर काढायला सांगितलं. खेड्यातून निघून कोपीत जाणं याला गुलामीतून बाहेर पडणं म्हणता येत नाही. जो शहरात शिकायला, नोकरीला जाऊ शकतो त्याने जरूर जावं. पण त्याला पाठवायला मागे कुणीतरी उचल न घेता उभं असावं लागतं.

दुसरा आक्षेप बाहेरचे घेतात. गायरान ही गावाची, गुरांची जमीन, तुम्ही ती बळकावता. यावर आमचं म्हणणं, गावाच्या जमिनीत आम्ही गाव म्हणून कधी मोजले गेलो? आज त्याच गायरानावर सौर प्रकल्प येतात, वृक्षलागवडीचे फलक लागतात, तेव्हा गुरांची आठवण कुणाला होत नाही. झाडंच लावायची असतील तर आमच्या कुटुंबांना पट्टे द्या. खड्डे खणून फोटो काढून निघून जाणाऱ्यांपेक्षा ज्याचं पोट त्या झाडावर आहे तो झाड जास्त जगवेल.

मग तरुणांनी करायचं काय? पहिलं, आपल्या कुटुंबाचा पुरावा एका फाइलीत आणा. तलाठ्याकडच्या गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, पीक पाहणी, जुन्या केसचे कागद. ज्या दंडाच्या पावतीची आजोबाला लाज वाटत होती तीच आज तुमच्या ताब्याचा दाखला आहे. दुसरं, एकट्याने अर्ज करू नका, वस्तीने मिळून करा. तिसरं, पिकाची नासधूस झाली किंवा ताबा उठवायचा प्रयत्न झाला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम लावायला सांगा. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने केवळ मालकीच्या नव्हे, ताब्यातल्या जमिनीचाही त्यात विचार आहे. चौथं, पट्टा मिळायची वाट न बघता बांधाला झाडं लावा. जिवंत झाड हा असा साक्षीदार आहे की त्याचं वय कुणालाही खोडता येत नाही.

त्या आजीकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सीताफळाची रोपं घेऊन गेलो होतो. तिने ती ठेवून घेतली. बांधाला लावली का, असं आम्ही अजून विचारलेलं नाही. आधी तिच्या अर्जाचं काय झालं, ते आम्हाला तिला सांगता आलं पाहिजे.

जय भीम!